दुपारचा एक तास

प्रश्न : ताई, मी पुण्यात चार घरची धुणीभांडी करते. मालक रिक्षा चालवतात. मुलगी पालिकेच्या शाळेत सातवीत आहे. सहावीत ७२ टक्के होते, सहामाहीत ५८ वर आली. शाळा साडेबाराला सुटते. मग पाणी भरणं, चार वर्षांच्या भावाला सांभाळणं तिच्याकडंच. हे जेवून झोपतात तेव्हा ती त्याला घेऊन बाहेर ओट्यावर बसते, मांडीवर वही. शाळेतल्या बाई म्हणतात, घरी अभ्यास घ्या. मी चौथी शिकलेली. मी काम करते तिथली तिच्याच वयाची मुलगी क्लासला, नाचाला जाते. माझ्या पोटी आली म्हणून पोर मागं पडली का?

उत्तर : ओट्यावर मांडीवर वही घेऊन बसलेली तुमची पोर डोळ्यांपुढून हलत नाही. शेजारी भाऊ ओढाताण करत असताना अपूर्णांकाचं गणित कुणाला सुटेल? त्या दुसऱ्या मुलीला घरी आल्यावर बसायला टेबल, विचारायला माणूस, वर क्लास. तुमच्या पोरीच्या हातात हंडा आणि कडेवर भाऊ. गुणपत्रकात उतरतो तो हा फरक. यात तिचा दोष नाही आणि चार घरं करणाऱ्या तुमचा तर नाहीच.

मालकांशी बोला. रिक्षा चालवून माणूस दमतो, झोपू दे त्यांना. पण उठल्यावर, स्टँडवर जायच्या आधी, एक तास धाकट्याला त्यांनी बघावं. तो तास पोरीचा. त्यात पाणी नाही, दुकानातून काही आणणं नाही.

चौथी शिकलात तरी अभ्यास घेता येतो. भाकरी थापताना म्हणा, ‘आज इतिहासात काय झालं, सांग मला.’ जिथं अडखळेल तिथं पुस्तकात खूण करू दे. ते दुसऱ्या दिवशी बाईंना विचारायचं. आणि तिची दुपार कशी जाते ते बाईंना एकदा स्वतः जाऊन सांगा. त्यांना बहुधा ठाऊकच नसेल.

हे वर्ष सांभाळायलाच हवं. आठवीत एनएमएमएस म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतल्या हुशार मुलांसाठीच्या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा असते. पालिका शाळेतल्या मुलांना बसता येतं. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आणि सातवीत किमान ५५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ५०. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. ५८ म्हणजे ती अजून रेषेच्या वर आहे. उत्पन्नाचा दाखला सेतू केंद्रात मिळतो. जूनमध्ये तिथं रांगा लागतात, कागद त्याआधीच गोळा करून ठेवा.