भाजीवाल्या मावशींना आम्ही कर्ज देऊ का?

प्रश्न: आम्ही ८ जण ठाण्यात बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहोत. जांभळी नाक्याजवळ भाजी विकणाऱ्या एक मावशी डेलीवाल्याकडून, म्हणजे रोज हप्ता वसूल करणाऱ्या सावकाराकडून, ९,००० घेतात आणि रोज १०० असे १०० दिवस फेडतात. पॉकेटमनीतून आपणच त्यांना पैसे द्यावेत असं वाटतं, पण घरचे म्हणतात बुडतील. काय करू?
– एक विद्यार्थिनी, ठाणे

उत्तर: अगं द्या की, पण आधी हिशोब मांड. १,००० जास्त म्हणजे वरवर ११ टक्के वाटतात, पण रोज १०० परत जातात म्हणजे मावशींच्या हातात सरासरी ४,५०० च्या आसपासच राहतात आणि तेही १०० दिवसच, वर्षाचं व्याज जवळपास ८० टक्के पडतं! हा आकडा घरच्यांना दाखव. १९७६ मध्ये बांगलादेशातल्या चितगाव विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या मुहम्मद युनूस यांनीही शेजारच्या जोब्रा गावातल्या ४२ जणांना खिशातून २७ डॉलर दिले होते, गरिबांना विनातारण छोटी कर्जं देणाऱ्या त्यांच्या ग्रामीण बँकेची सुरुवात तिथूनच झाली.

फक्त व्याज घेऊ नका. लायसन्सशिवाय व्याजाने पैसे देण्याचा धंदा केला तर महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याने गुन्हा होतो, बिनव्याजी हातउसने देणं वेगळं. अनोळखी माणसांना द्यायचे असतील तर 'रंग दे'सारख्या, लोकांचे पैसे गरजूंना कर्जाऊ देणाऱ्या आणि रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवरूनच द्या, आणि तिथेही पैसे बुडू शकतात, तोटा प्लॅटफॉर्म भरून देत नाही, म्हणून परत आले नाहीत तरी चालेल एवढेच टाका, फीचे पैसे तर अजिबात नाही.

पण माझं खरं सांगणं वेगळंच आहे. मावशींना पीएम स्वनिधी, म्हणजे फेरीवाल्यांसाठीचं सरकारी योजनेतलं कर्ज, मिळतं का ते आधी बघा, तारण लागत नाही, पहिलं कर्ज आता १५,००० पर्यंत, वेळेवर फेडलं की पुढचं मोठं, व्याजात ७ टक्के सबसिडी. बऱ्याचदा गाडी आधारला मोबाईल लिंक नाही किंवा महापालिकेचं शिफारसपत्र नाही इथेच अडते, आणि दुकान सोडून मावशी खेपा कधी घालणार? तुमच्यातल्या दोघांनी सकाळी त्यांच्यासोबत जा, एकाने तोवर भाजी सांभाळा, तुमच्या पैशांपेक्षा ही मदत मोठी आहे गं.

तोवरची नड तुम्ही भागवा. हप्ता रोजचाच ठेवा, त्यांची कमाई रोजची असते, महिन्याला एकदम रक्कम काढणं जड जातं. वहीत दोघांच्या सह्या घ्या. पावसात ४ दिवस बसता आलं नाही तर तगादा लावू नका.