गोठ्याच्या भिंतीवरच्या चुन्याच्या रेघा

पत्र : आदरणीय आक्का, मी बेळगाव तालुक्यातल्या एका गावचा. उद्यमबागेत एका कारखान्यात सीएनसी मशीनवर कामाला आहे आणि बळ्ळारी नाल्याला लागून आमची पावणेदोन एकर भातशेती आहे. पत्नीला नववा महिना लागला असून डॉक्टरांनी जूनच्या तिसऱ्या आठवड्यातली तारीख दिली आहे. डोहाळजेवण झाल्यावर तिला माहेरी, चंदगड तालुक्यात, पाठवणार तोच पाऊस लागला. वळीव म्हणून आलेला हा पाऊस थांबायलाच तयार नाही. वैशाखातच नाल्याचे पाणी शिवारभर पसरून आमच्या परड्यापर्यंत आले आहे. मी रात्री दोन वाजता उठतो, बॅटरी घेऊन गोठ्यापाशी जातो आणि पाणी जिथवर आले तिथे भिंतीवर चुन्याने रेघ मारतो. आई म्हणते पहिले बाळंतपण माहेरीच झाले पाहिजे. मला वाटते इथेच ठेवावे. बाबा काहीच बोलत नाहीत. कारखान्यात सगळे पेढे कधी म्हणून विचारतात आणि माझ्या पोटात गोळा येतो. मुलाचा आनंद वाटायच्या दिवसांत मला फक्त भीती वाटते. माझ्यात काही कमी आहे का? ता. क. धूळवाफ पेरणी (पावसाआधी कोरड्या मातीत करायची भाताची पेरणी) हुकल्यातच जमा आहे. रोप टाकून लावण करावी का, हेही सुचत नाही.

उत्तर :

तुमचे पत्र चार पाने भरून आले आणि वर त्याचा सारांशच छापला आहे. पण मी ती चारही पाने दोनदा वाचली, आणि दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेऊन एक गोष्ट शोधत राहिले. आईंचे म्हणणे काय, तुमचे काय, सासऱ्यांचा फोन आला तेव्हा ते काय म्हणाले, शेजारच्यांनी काय सुचवले, हे सगळे पत्रात आहे. नाल्यात जलपर्णी किती दाटली आहे आणि गाळ किती वर्षांत निघालेला नाही, हेही तुम्ही पाऊण पान लिहिले आहे. फक्त ज्यांना बाळंत व्हायचे आहे त्यांना कुठे राहावेसे वाटते, ते एका ओळीनेही आलेले नाही. हे तुम्ही मुद्दाम केले असेल असे मला वाटत नाही. भीती वाटू लागली की माणूस ज्याच्यासाठी भितो त्यालाच विचारायचे विसरतो, असे मी अनेक घरांत पाहिले आहे. तेव्हा उत्तराची सुरुवात इथून करू : आज कामावरून आल्यावर, आई जवळ नसताना, पत्नीला सरळ विचारा की तुला कुठे राहायचे आहे, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. पहिले उत्तर बहुधा "तुम्ही म्हणाल तिथे" असेच येईल. ते उत्तर धरू नका, पुन्हा विचारा.

भीतीबद्दल तुम्ही जे विचारले आहे त्यात मला काहीही कमी दिसत नाही. बाप होणाऱ्या माणसाच्या दारात ऐन वैशाखात पाणी यावे आणि त्याने पेढ्यांचा विचार करत बसावे, अशी अपेक्षा कारखान्यातले मित्र करू शकतात, कारण त्यांच्या परड्यात पाणी नाही. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात या जिल्ह्याने जे पाहिले ते तुमच्या घरानेही पाहिले आहे, आणि त्या वेळी पाणी निदान आषाढ-श्रावणाच्या हिशेबाने आले होते. यंदा ते वळवाच्या दिवसांत आले, जेव्हा घरात जळण भरलेले नसते, कौले चाळलेली नसतात आणि मन अजून उन्हाळ्यातच असते. आनंद बाळाला हातात घेतल्यावर लगेच येईल किंवा चार आठवड्यांनी येईल. काही बापांना तो बाळ पहिल्यांदा ओळखून हसल्यावरच येतो. त्याची तारीख डॉक्टरही देत नाहीत. मात्र झोप अजिबात लागत नाही, जेवण जात नाही, कामावर मशीनसमोर हात थरथरतो, असे दोन आठवड्यांहून जास्त होत असेल तर तुम्ही स्वतःही डॉक्टरांना दाखवा आणि त्यात लाज बाळगू नका; सीएनसीवर अर्धवट झोपेत उभे राहणे हा वेगळाच धोका आहे.

आता माहेरचा प्रश्न. आईंचे म्हणणे मी हसण्यावारी नेणार नाही. पहिलटकरणीला आपल्या आईच्या हाताखाली जो विसावा मिळतो तो सासरी, सासू कितीही मायाळू असली तरी, मिळत नाही. तिथे तिला दुपारी चारला आडवे पडताना कोणाच्या तोंडाकडे बघावे लागत नाही. पण प्रथा जेव्हा पडली तेव्हा बाळंतपण घरीच होत असे आणि सुईण त्याच गल्लीत असे. आज प्रसूती दवाखान्यात व्हायची आहे, आणि चंदगडच्या खेड्यांतली मंडळीसुद्धा गुंतागुंत झाली की शिनोळीवरून बेळगावलाच येतात, हे तुमच्या सासऱ्यांना तुमच्याहून चांगले माहीत आहे. ताम्रपर्णी आणि घटप्रभेवरचे कमी उंचीचे पूल आणि बंधारे पाण्याखाली गेले की तिथली वाट कशी बंद होते, हेही त्यांनी दर पावसाळ्यात पाहिलेले आहे. नवव्या महिन्यात पत्नीला त्या रस्त्याने न्यायचे आणि अडचण आली तर त्याच रस्त्याने परत आणायचे, यापेक्षा तिच्या आईलाच इकडे आणणे मला सोपे दिसते. बाळंतपण माहेरी होणे म्हणजे आई उशाशी असणे. घर कोणाचे, हा प्रश्न त्यानंतरचा. हीच गोष्ट तुमच्या आईंना सांगताना "तुमचे चुकते" असे म्हणू नका. "विहीणबाईंना महिनाभर आपल्याकडे बोलवूया का" असे विचारा, म्हणजे निमंत्रण त्यांच्याच तोंडून जाईल.

आणि "आपल्याकडे" म्हणजे नाल्याकाठच्या घरातच, असेही नाही. तुमची बहीण बेळगाव शहरात, हिंदवाडीत दिली आहे, हे पत्राच्या तिसऱ्या पानावर, भलत्याच संदर्भात आले आहे (तिच्या मुलाचा दहावीचा निकाल लागला म्हणून). प्रसूतीची तारीख जूनच्या तिसऱ्या आठवड्यातली असली तरी सदतीस आठवडे पूर्ण झाले की, म्हणजे तुमच्या हिशेबाने मे संपता संपता, कोणताही दिवस चालतो. मूल कॅलेंडर बघून येत नाही. त्या सुमारास पत्नी आणि तिची आई यांना बहिणीकडे, दवाखान्यापासून रिक्षाच्या अंतरावर, नेऊन ठेवता आले तर मध्यरात्री ट्रॅक्टर शोधण्याची पाळी तुमच्यावर येणार नाही. अर्थात पत्नीला नणंदेकडे महिनाभर राहणे जड वाटत असेल तर तेही तिने मोकळेपणाने सांगावे, आणि म्हणूनच पहिल्या परिच्छेदातला प्रश्न आधी विचारायचा आहे.

तोवर घरात काय करायचे, ते सांगते. तुमच्या घराचा मागचा भाग जुन्या मातीच्या भिंतींचा आहे असे तुम्ही ओझरते लिहिले आहे. मला त्या पाण्याच्या रेघेपेक्षा या भिंतीची जास्त काळजी वाटते, कारण आपल्याकडे सततच्या पावसात पाणी घरात शिरण्याआधी भिजलेली भिंत कोसळते आणि बहुधा रात्री कोसळते. पत्नीचे अंथरूण आजच्या आज पुढच्या पक्क्या खोलीत हलवा, आणि आई-बाबांचेही. विहिरीत नाल्याचे पाणी मिसळले असेल तर ते दिसायला निवळले तरी उकळल्याशिवाय कोणी पिऊ नये. दूषित पाण्यातून येणाऱ्या काविळीचा एक प्रकार, हेपॅटायटिस ई, गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत जिवावर बेतू शकतो, म्हणून या बाबतीत "आम्ही लहानपणापासून हेच पाणी पितो" हा युक्तिवाद मान्य करू नका. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर किती टाकायची ते आशाताई किंवा ग्रामपंचायत सांगेल. तुम्ही स्वतः रोज त्या पाण्यातून गोठ्यात जाता. पायाला भेगा असतील तर गमबूट घाला आणि आल्यावर साबणाने पाय धुवा, कारण अशा पाण्यातून होणारा उंदीरताप (लेप्टोस्पायरोसिस) तुम्हाला झाला तर सगळ्या बेतावर पाणी पडेल.

ताई कार्ड (गरोदरपणातल्या तपासण्यांच्या नोंदींचे सरकारी कार्ड), सोनोग्राफीचे आणि रक्ताचे रिपोर्ट, आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारा आणि ती पिशवी पत्र्याच्या पेटीत नव्हे, दाराजवळच्या खुंटीला अडकवा. सरकारी दवाखान्यात प्रसूती, सिझेरियन धरून, मोफत आहे आणि जाण्या-येण्याचे वाहनही जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बसते. तेव्हा पैशाच्या काळजीने उशीर करू नका. रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक कर्नाटक आणि महाराष्ट्र, दोन्ही राज्यांत चालतो, पण पाणी असताना रुग्णवाहिका तुमच्या दारापर्यंत येईल असे गृहीत न धरता ती कोणत्या चौकापर्यंत येऊ शकते आणि तिथवर पत्नीला कोण नेणार, हे एका कोरड्या दुपारी ज्याची गाडी आहे त्या शेजाऱ्याशी बोलून ठेवा. कारखान्यात मोबाईल लॉकरमध्ये ठेवावा लागतो असे तुम्ही लिहिले आहे, तर सुपरवायझरला आताच सांगून त्यांचा नंबर पत्नीच्या आणि बहिणीच्या फोनमध्ये भरून द्या. केंद्र सरकारी नोकराला पंधरा दिवसांची पितृत्व रजा असते, खासगी कारखान्यावर तसे कायद्याचे बंधन नाही. म्हणून साठलेली रजा पाण्याच्या दिवसांत उधळू नका, बाळ घरी आल्यावरच्या आठवड्यासाठी राखून ठेवा. त्या आठवड्यात तुमची खरी गरज लागेल.

काही गोष्टींत मात्र ना पावसाचा विचार करायचा ना वडीलधाऱ्यांच्या "थोडे थांबून बघू"चा : रक्त जाणे, गर्भजल फुटणे, डोके असह्य दुखून डोळ्यांपुढे धूसर दिसणे, तोंडावर आणि हातांवर अचानक सूज येणे, आकडी येणे. यांतले काहीही झाले तर त्याच क्षणी निघायचे. पायांवर संध्याकाळी येणारी थोडी सूज या दिवसांत नेहमीची असते. तिने घाबरून जाऊ नका, पण पुढच्या तपासणीत रक्तदाब मोजून घ्या.

आता त्या रेघांकडे येते, कारण तुमच्या पत्रातले तेच चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. माझा थोरला मुलगा झाला तेव्हा आम्ही कौलारू घरात राहत होतो. दुपारपासून मला कळा सुरू झाल्या, आभाळ भरून आले, आणि आमचे यजमान शिडी लावून छपरावर कौले चाळायला चढले. सासूबाईंनी तीन हाका मारल्या. "एवढी एक ओळ करतो आणि येतो," असे वरून उत्तर येत होते. गाडी दारात येऊन उभी राहिली तेव्हा ते उतरले. हातांना शेवाळ लागले होते आणि तोंड पांढरेफटक पडले होते. पुढे कितीतरी वर्षे मी त्यांना यावरून बोलले, कारण मला कळांपेक्षा त्या कौलांचा राग जास्त आला होता. छप्पर नीट करणे हेच त्यांना त्या घटकेला करता येण्यासारखे होते, हे मला फार उशिरा उमगले. आणि आत येऊन माझ्याजवळ बसणे हेही त्यांना करता आले असते, हे त्यांना त्याहून उशिरा उमगले.

तुमची चुन्याची रेघ मला त्या कौलांच्या जातीची वाटते. रात्री दोनला रेघ मारल्याने पाणी एक बोटही उतरत नाही, आणि तुम्ही उठून गेल्यावर पत्नी जागी असते. ती काही बोलत नाही एवढेच. पाण्यावर लक्ष ठेवायचे तर झोपण्यापूर्वी एकदा आणि पहाटे एकदा पाहा, आणि मधल्या वेळेसाठी शेजाऱ्यांशी पाळी लावून घ्या. नाल्याकाठी तुमचे एकट्याचेच घर नाही. रात्री जेवण झाल्यावर पत्नीला डाव्या कुशीवर निजू द्या, तिला चालत असेल तर पोटावर हात ठेवा आणि बाळाची हालचाल दोघांनी मिळून मोजा. दोन तासांत दहा वेळा तरी हालचाल जाणवली पाहिजे. बहुतेक वेळा ती अर्ध्या तासातच पुरी होते. नेहमीपेक्षा हालचाल कमी झाली असे पत्नीला वाटले तर, आकडा काहीही येवो, त्याच दिवशी दवाखान्यात जायचे. मोजण्याची तुम्हाला सवय आहेच.

राहिला ता. क. मधला प्रश्न. धूळवाफ हुकल्यावर रोप टाकायचे का, कोणत्या वाफ्यात टाकायचे, बासमतीचे बियाणे त्यावर घालवायचे का, याचे उत्तर माझ्यासारख्या गल्लीत वाढलेल्या बाईकडे मागू नका. त्याच घरात एक माणूस गप्प बसून आहे, ज्याने या शिवारात तुमच्या वयाहून जास्त पेरण्या पाहिल्या आहेत आणि ज्याला या महिनाभरात कोणी काही विचारलेले दिसत नाही. उद्या सकाळी बाबांना बांधावर घेऊन जा, रोपाबद्दल विचारा. बोलते झाले की मग तुम्ही जन्मलात त्या दिवशी ते कुठे होते, तेही विचारा. ते सहजासहजी सांगणार नाहीत. चहा दुसऱ्यांदा ठेवावा लागेल.