वडिलांच्या मांडीत चरबीची गाठ आहे. कॅन्सरची आहे की साधी, हे एमआरआयवरून कळेल का? (सोलापूर)

बऱ्याच अंशी कळतं, शंभर टक्के नाही.

कातडीखालची मऊ, हलणारी, लहान गाठ असेल तर सोनोग्राफी पुरते. पण तुम्ही लिहिलंय की गाठ स्नायूच्या आत आहे, ५ सेंटीमीटरहून मोठी आहे आणि वाढतेय. मग सोनोग्राफीवर थांबू नका, कॉन्ट्रास्टसह (शिरेतून रंगद्रव्य देऊन) एमआरआय करा. तो सोलापुरातच होईल.

एमआरआयमध्ये चरबीचा सिग्नल दाबून पुन्हा फोटो घेतात. साधा लायपोमा, म्हणजे कॅन्सर नसलेली चरबीची गाठ, त्यात कातडीखालच्या चरबीसारखाच पूर्ण काळा पडतो. काही भाग उजळ राहिला, आतले पडदे २ मिलिमीटरहून जाड दिसले, मधे चरबी नसलेला गोळा असला किंवा गाठ १० सेंटीमीटरच्या पुढे गेली, तर लायपोसार्कोमाचा, म्हणजे चरबीच्या कॅन्सरचा, संशय येतो. साठीपुढचं वय आणि मांडी, हेही त्याच बाजूला झुकतं.

घोळ असा की साध्या लायपोमातही मार लागून चरबी मेली की तो असाच भयानक दिसतो. त्यामुळे ‘संशयास्पद’ रिपोर्ट म्हणजे कॅन्सर नव्हे. उलट, गाठ सगळीकडे निव्वळ चरबीचीच दिसली तर बराच दिलासा.

संशय राहिला तर सुईची बायोप्सी आणि त्या नमुन्यावर एमडीएम२ या, लायपोसार्कोमाशी निगडित, जीनची तपासणी. त्यासाठी नमुना पुण्या-मुंबईला पाठवावा लागू शकतो. सुई कुठून घालायची हे ऑपरेशन करणाऱ्या सर्जननंच ठरवावं. आणि कृपा करून, एमआरआयआधी कुणाकडूनही ‘छोटंसं ऑपरेशन’ म्हणून गाठ काढून घेऊ नका.