क्वालकॉमचे 400 शेअर आणि पुन्हा तोच डाव

कोथरूडच्या एका निवृत्त इंजिनिअरांचं पत्र आलंय. 1997 ते 2001 ते सॅन डिएगोत टेलिकॉममध्ये होते. जानेवारी 2000 च्या पहिल्या आठवड्यात त्यांनी तिथल्याच क्वालकॉम या मोबाइल तंत्रज्ञानाच्या कंपनीचे 200 शेअर 160 डॉलरने घेतले. 2004 मध्ये शेअरचं विभाजन (स्प्लिट) होऊन एकाचे दोन झाले. ते 400 आजही तसेच आहेत. आता वय 63, पेन्शन नाही. हे सगळे विकून उपग्रहावरून थेट मोबाइलला सिग्नल देऊ पाहणाऱ्या एका नव्या अमेरिकन कंपनीत टाकावेत का, असं ते विचारतात. पत्नीचा विरोध आहे.

सप्रेम नमस्कार,

'सीडीएमएच जिंकणार हे मी तेव्हाच सांगत होतो,' असं तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंय. सीडीएमए म्हणजे क्वालकॉमची मोबाइल सिग्नलची पद्धत, आणि जीएसएम ही तिची प्रतिस्पर्धी. बरोबरच सांगत होता. जगात फोन जीएसएमचे जास्त खपले, पण त्याच जीएसएमवाल्यांनी 3जीसाठी जी डब्ल्यू-सीडीएमए पद्धत घेतली, तिचा पायाच सीडीएमए होता. पेटंटची रॉयल्टी सॅन डिएगोला, क्वालकॉमकडे, जात राहिली. मोबाइलवर इंटरनेट येणार, हेही तुमचं खरं ठरलं. नोकिया 7110 आठवतो? खालचं झाकण सरकवायचं, मधलं चाक फिरवायचं आणि 9.6 केबीपीएसच्या संथ वेगात वॅपचं, म्हणजे तेव्हाच्या फोनवरच्या साध्या इंटरनेटचं, पान उघडायची वाट बघायची, मिनिटामिनिटाला मीटर चालू. तिकडे जपानमध्ये डोकोमो कंपनीचं आय-मोड हे मोबाइल इंटरनेट फेब्रुवारी 1999 मध्ये सुरू झालं होतं. त्यात वेळेचे नाही, पाठवलेल्या माहितीचे पैसे पडत, म्हणून लोक ते खरंच वापरत. (मी तेव्हा 'वॅप'चा गजर करणाऱ्या एका कंपनीचे शेअर घेतले होते. डीमॅट स्टेटमेंटवर तिचं नाव अजून आहे, भावाची जागा रिकामी.)

तुमचं चुकलं ते भावात. 1999 या एका वर्षात क्वालकॉम सुमारे 27 पट झाला होता. 29 डिसेंबरला पेनवेबर या शेअर दलाल कंपनीच्या विश्लेषकाने 1,000 डॉलरचं लक्ष्य दिलं आणि शेअर एका दिवसात 31 टक्के उसळला. लगेच एकाचे चार झाले. तुम्ही पुढच्याच आठवड्यात घेतलेत, म्हणजे सीडीएमए जिंकल्याचे पैसे आधीच मोजून दिलेत. 2002 मध्ये भाव 30 च्या खाली होता. तुमच्या मुद्दलाला, म्हणजे स्प्लिटनंतरच्या 80 डॉलरला, तो टेकला 2014 मध्ये, आणि तिथूनही पुन्हा घसरला. कंपनी या सगळ्या काळात उत्तम चालली होती, हे विशेष. आज 150 डॉलर धरले तरी पाव शतकात पैसे दुप्पटही झालेले नाहीत, वर थोडाफार लाभांश. तेवढ्यात एस अँड पी 500 हा साधा निर्देशांक 1,460 च्या आसपासून 5,000 च्या पुढे गेला.

आता उपग्रह. इरिडियम या उपग्रह-फोनच्या कंपनीने 66 उपग्रह सोडून नोव्हेंबर 1998 मध्ये सेवा सुरू केली. ऑगस्ट 1999 मध्ये दिवाळं. ज्यावर सुमारे 5 अब्ज डॉलर ओतले, ते सगळं अडीच कोटी डॉलरला गेलं. क्वालकॉमचाच हात असलेल्या ग्लोबलस्टार या तशाच कंपनीने 2002 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच ग्लोबलस्टारचे उपग्रह 2022 पासून आयफोनचे आणीबाणीचे संदेश पोचवतायत. उपग्रह खरे ठरले, पण पहिल्या शेअरधारकांच्या हाती त्यातलं काही लागलं नाही. तेव्हा नव्या कंपनीचं तंत्र चालेल की नाही यावर मी तुमच्याशी वाद घालणार नाही, तुम्हाला ते जास्त कळतं. पण निवृत्तीचा पैसा त्यात नको.

क्वालकॉमही एवढे ठेवू नका. 150 च्या भावाने 400 शेअर म्हणजे बरोबर 60,000 डॉलर. तुम्ही ग्रीन कार्ड घेतलं नव्हतं, असं लिहिलंय. अशा माणसाच्या मागे यापेक्षा जास्त अमेरिकन मालमत्ता राहिली, तर तिथला वारसा कर लागू होतो, दर 40 टक्क्यांपर्यंत. ते कागद निस्तरायला वहिनी एकट्या असतील.

माझं म्हणणं, 300 विका, 100 आठवण म्हणून राहू द्या. नफ्यावर इथे 12.5 टक्के कर आणि वर सेस. इथल्या शेअरच्या नफ्यावर मिळते ती सव्वा लाखाची सूट परदेशी शेअरला नाही. निम्मे मार्चमध्ये, निम्मे एप्रिलमध्ये विकले तर कराचा बोजा दोन वर्षांत विभागेल. कर जाऊन 30 लाखांच्या वर उरतील. त्यातले 30 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका, दर तिमाहीला व्याज हातात येईल. उरलेल्यातले लाख-दीड लाख त्या नव्या कंपनीत घाला, हौस म्हणून, वहिनींना सांगून.

आणि विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता दरवर्षी भरलाय का, हे विक्रीच्या आधी सीएकडून तपासून घ्या. राहिला असेल तर 10 लाखांचा दंड होऊ शकतो. पत्रात त्याचा कुठेच उल्लेख नाही, म्हणून विचारतोय.