प्रो कबड्डी लीगमधल्या यू मुंबाचा आजवरचा सर्वोत्तम हंगाम कोणता? 2015 चाच ना?

नाही, 2016 चा. तिसरा हंगाम.

2015 ला चषक आला हे मलाही ठाऊक आहे. बंगळुरू बुल्सला 36-30 हरवलं त्या रात्री आम्ही नाक्यावर नाचलो होतो. तरी माझं उत्तर बदलत नाही. पहिल्या तीन हंगामांत तिन्ही वेळा फायनल खेळलेला हा संघ, आणि त्यातला सगळ्यात मुरलेला संघ 2016 चा होता.

5 मार्च 2016, शनिवार. फायनल दिल्लीत, समोर पाटणा पायरेट्स. आम्ही लोअर परळला मंडळाच्या खोलीत. कॅरमबोर्ड भिंतीला उभा करून वीस-पंचवीस जणांची जागा केलेली. माझ्या शेजारी दादा, माझा सख्खा थोरला भाऊ. मंडळाकडून दहा वर्षं डावा कोपरा, म्हणजे डाव्या टोकाचा बचावपटू, खेळलाय. घोटा धरताना मोडलेली करंगळी अजून वाकडीच आहे. दादाला सामना नुसता बघता येत नाही. आमच्या दोन कोपऱ्यांपैकी सुरेंदर नाडा किंवा मोहित छिल्लर चढाईपटूच्या पायावर झेपावला की दादाचा पंजा माझ्या घोट्यावर. सोडायचा तो पंचांची शिट्टी झाल्यावरच. रात्री घरी येऊन बघतो तर चार बोटं उमटलेली.

पूर्वार्धात पाटण्याने आम्हाला मागे टाकलं. त्यांचा चढाईपटू प्रदीप नरवाल तेव्हा 19 वर्षांचा. बचावपटूंच्या हातांची साखळी आवळली असं वाटेपर्यंत हा पठ्ठ्या डुबकी मारून खालून पसार. मध्यंतराला खोलीतले दोघंतिघं उठून गेले. उत्तरार्धात मात्र मुंबाने एकेक गुण वेचत सामना असा ओढून आणला की गेलेले परत येऊन दारात उभे राहिले. शेवटी 31-28. तीन गुण! समोरचा अख्खा संघ बाद करून लोण चढवला तर त्याचेच वरचे दोन मिळतात, म्हणजे केवढ्याशाने गेलं बघा.

टीव्ही बंद झाला आणि दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "मॅटवरची पोरं ही. मातीत लोळली असती तर ऐन वेळी हातपाय गळाले नसते."

मी तेव्हा गप्प बसलो. दादापुढे आवाज चढवायची आमच्याकडे पद्धत नाही. पण ते वाक्य आजही सलतं, कारण ते चूक आहे. रिशांक देवाडिगा आणि विशाल माने कुठून आले? याच मुंबईतल्या मैदानांतून. आणि कप्तान अनुप कुमार घाबरणारा माणूस? त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अहमदाबादला विश्वचषकाची फायनल झाली. मध्यंतराला इराण 18-13 पुढे. कप्तान हाच अनुप. भारत 38-29 जिंकला. हातपाय गळणाऱ्याला हे जमत नाही. दिल्लीत आम्ही पूर्वार्धातच हरलो होतो. शेवटच्या मिनिटांवर खापर फोडणं सोपं असतं, एवढंच.

पुढचं तुम्हाला माहीत असेलच. लिलाव झाला, मोहित 53 लाखांना बंगळुरूला गेला, नाडाही तिकडेच. एका फटक्यात दोन्ही कोपरे उघडे पडले. चौथ्या हंगामात उपांत्य फेरीसुद्धा गाठता आली नाही, आणि त्यानंतर आजतागायत फायनल नाही. बचाव बांधायला वर्षं लागतात. कोपरा आणि त्याच्या आतल्या बाजूचा कव्हर एकमेकांच्या श्वासावर खेळतात, पैसे टाकून ते विकत मिळत नाही. म्हणून नव्याने बघणाऱ्यांना मी सांगतो, चढाईपटूंचे गुण मोजत बसू नका, कोपरे बघा.

एक कबूल करतो. 2015 ला मी रात्रपाळीला होतो, साखळी फेरीतले बरेच सामने हुकले. ज्यांनी ते सगळे पाहिलेत त्यांचं मत वेगळं असू शकतं. आणि निव्वळ चषकच मोजायचा असेल तर 2015, त्यात वाद नाही.

दादा आता नाशिकला असतो. हे उत्तर त्याला पाठवणार आहे. दादा, दिवाळीला आलास की दिल्लीची आणि अहमदाबादची, दोन्ही फायनल सलग लावतो. शेजारीच बस. घोटा पुढे करून ठेवतो.