गुलाबाचा काळा चहा चाखताना

चहा काढण्याआधी डबा आडवा धरून हलकेच फिरवा. पाकळ्या वर राहतात, चुरा तळाशी बसतो. वरवरचाच चमचा घेतलात तर चहा पांचट लागेल आणि दोष ब्लेंडला, म्हणजे चहा-गुलाबाच्या मिश्रणाला, द्याल. चमच्याच्या मापावर विसंबू नका, छोटा वजनकाटा वापरा. ३ ग्रॅम चहा, १५० मिली पाणी, तापमान ९० ते ९५ अंश, वेळ ३ मिनिटं. वर झाकण हवंच, नाहीतर वास वाफेबरोबर निघून जातो. आपल्या सवयीप्रमाणे गॅसवर उकळू नका, तुरटपणा वाढून गुलाब दबतो. दूध-साखरही नको.

गाळल्यावर झाकणाच्या आतल्या बाजूचा वास घ्या, मग ओल्या पत्तीचा. चहा थोडा निवू द्या. जीभ पोळली की काही कळत नाही. घोट आवाज करत ओढा, म्हणजे हवेबरोबर वास नाकाच्या मागच्या बाजूला पोहोचतो. गुलाब आधी जाणवावा, पण घोट गिळल्यावर चहाची चव उरायला हवी. ती नसेल तर मूळ चहाच हलक्या प्रतीचा.

पाकळ्या किती दिसतात यावर भुलू नका. चीनमध्ये पारंपरिक पद्धतीने काळ्या चहात ताजी फुलं मिसळून ठेवतात. पत्ती ओलावा आणि वास शोषते, मग ती पुन्हा वाळवतात. दिसणाऱ्या पाकळ्या बऱ्याचदा शोभेच्या असतात. म्हणून त्याच पत्तीवर दुसरं पाणी ओता, ४ मिनिटं. पहिल्या कपाला सरबतासारखा घमघमाट आणि दुसऱ्यात काहीच नाही, तर वरून अर्क लावल्याचा संशय घ्या.

डबा मसाल्यांजवळ, विशेषतः हिंगाजवळ, अजिबात ठेवू नका.