'पाचपर्यंत'ला बाय लावायचा की अंटिल?

तुम्ही विचारलंय की शिक्षण मराठी माध्यमातून झालं, आता पणजीत नोकरीला आहात, रोज इंग्रजी मेल लिहावे लागतात. बाय-अंटिल आणि सिन्स-फॉर यांचे नियम पाठ आहेत, तरी ऐन वेळी गोंधळ होतोच. मी डिचोलीत इंग्रजीच्या शिकवण्या घेतो आणि हीच अडचण सतत ऐकतो. नियम पुन्हा घोकू नका. आधी आपल्या मराठी वाक्यातलं क्रियापद बघा.

चोडणची फेरीबोट घ्या. 'फेरी पाचपर्यंत धक्क्यावर थांबेल' आणि 'फेरी पाचपर्यंत धक्क्याला लागेल'. दोन्हीकडे आपण 'पाचपर्यंत'च म्हणतो. पण थांबणं पाच वाजेस्तोवर चालूच राहतं, तर धक्क्याला लागणं एकदाच होतं, पाचला किंवा त्याआधी कधीही. चालू राहणाऱ्या क्रियेला अंटिल: 'द फेरी विल वेट अंटिल फाइव्ह'. एकदाच घडून संपणाऱ्या क्रियेला बाय: 'द फेरी विल अराइव्ह बाय फाइव्ह'. म्हणून साहेबांना फाइल पाठवायची ती 'बाय मंडे', आणि तुम्ही रजेवर असाल ते 'अंटिल मंडे'. टिल आणि अंटिल यांच्या अर्थात काही फरक नाही, त्यात वेळ घालवू नका.

अंटिलची खरी मेख वेगळीच आहे. 'तुम्ही फी भरत नाही तोपर्यंत हॉल तिकीट मिळणार नाही' हे मराठी अगदी बरोबर. पण त्याचं 'अंटिल यू डोन्ट पे' केलं की चुकलं, आणि ही चूक चांगल्या शिकलेल्या माणसांच्या पत्रांतही मला दिसते. अंटिलच्या पुढच्या तुकड्यात तो नकार येत नाही: 'यू वोन्ट गेट द हॉल तिकीट अंटिल यू पे'. लिहिण्याआधी मनात 'भरत नाही तोपर्यंत'चं 'भरेपर्यंत' करून घ्या, नकार आपोआप गळून पडतो. अनलेसच्या तर पोटातच 'नाही' आहे, तिथेही 'अनलेस यू पे' एवढंच पुरे.

आता सिन्स आणि फॉर. सिन्सला सुरुवातीची वेळ लागते, फॉरला कालावधी. 'तीन वर्षांपासून इथे काम करतोय' याचं 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स' होत नाही; 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर थ्री इयर्स' होतं. क्रियापदाकडेही लक्ष हवं. 30 मे 1987 ला गोवा राज्य झालं आणि आजही आहे, म्हणून 'गोवा हॅज बीन अ स्टेट सिन्स 1987'. पोर्तुगीज सत्ता मात्र तिसवाडीत, म्हणजे पणजी ज्यात येते त्या तालुक्यात, 1510 ला आली आणि 1961 ला संपली: 'द पोर्तुगीज रूल्ड तिसवाडी फॉर 451 इयर्स'. (फोंडा, डिचोली, पेडणे अठराव्या शतकात त्यांच्या ताब्यात गेले, म्हणून मुद्दाम तिसवाडी म्हटलं.) इथे 'हॅव रूल्ड सिन्स 1510' लिहिलंत तर ती सत्ता अजून चालू आहे असा अर्थ होईल.

मुदत कळवताना 'बाय'पुढे वार किंवा तारीख लिहा आणि 'विदिन'पुढे कालावधी: 'बाय फ्रायडे', 'विदिन थ्री डेज'. नुसतं 'इन थ्री डेज' लिहिलं तर समोरचा बहुधा 'तीन दिवसांनी' असं समजेल, त्यामुळे तातडीच्या कामाला 'विदिन'च वापरा.